चापावरचं बोट

१

बंदुकीचा चाप तोलायची महिपत मिस्त्रीची एक ठरलेली रीत होती, आणि त्या रितीत कुणी नाक खुपसलेलं त्याला खपत नसे. छऱ्याची बंदूक मधोमध मोडून तिची स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा आणि बंदूक तोंड वर करून भिंतीच्या खुंट्यांना उभी बांधायची. वर आढ्याला काथ्यानं गच्च भरलेलं पोतं टांगलेलं असे. सुटलेला छर्रा त्यात जाऊन बसायचा. मग चापाला दोरा, दोऱ्याला तागडीचं एक पारडं आणि पारड्यात एकेक वजन. ज्या वजनाला चाप सुटेल तो त्या चापाचा भार. दोन शेरांच्या खाली चाप सोडायचा नाही, असा त्याचा नियम होता. संध्याकाळी चापाखालचा स्क्रू फिरवून भार बसवायचा, सकाळी पुन्हा तोलून बघायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक द्यायची.

मुंबईच्या गोदीत नऊ वर्षं काढून महिपत रत्नागिरीला परतला होता. बाजारपेठेत त्याचं दुकान, दुकानामागे घर. कुलपं, शिवणयंत्रं, गॅसबत्त्या आणि बागायतदारांच्या छऱ्याच्या बंदुका, सगळं त्याच्याकडे यायचं. हात सोन्याचा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. काम बिघडलं असं कुणी म्हटलं, की तो हातातली पकड खाली ठेवायचा आणि तोंड सोडायचा. लोक ऐकून घ्यायचे, कारण त्याच्यासारखा दुसरा कारागीर जवळपास नव्हता.

एकोणीसशे एकतीस सालच्या फाल्गुनातली ती सकाळ. रावजी बागायतदाराची जर्मन बनावटीची बंदूक खुंट्यांना बांधलेली होती. आदल्या संध्याकाळी महिपतनं तिचा चाप दोन शेरांवर बसवला होता. आता त्यानं पारड्यात शेर ठेवला, मग अर्ध्या शेराचा अच्छेर, मग पावशेर. शेवटचा पावशेर अजून त्याच्या हातातच होता आणि बंदूक सुटली. वरच्या पोत्यातून काथ्याचा भुगा त्याच्या डोक्यावर पडला.

"च्यायला," महिपत म्हणाला. त्यानं पुन्हा स्प्रिंग ताणली, पुन्हा तोललं. पुन्हा पावणेदोन शेर.

चिडून त्यानं चापाचा दोरा सोडायला हात घातला आणि तसाच थांबला. नळी सकाळच्या गारव्यानं गार होती, लाकूड गार होतं, चापाभोवतीची लोखंडी कडीही गार होती. चाप तेवढा कोमट होता. कुणी आत्ताच त्यावरून बोट काढून घेतलं असावं, इतपत कोमट.

"राही!" तो आत बघून ओरडला. "बंदुकीला हात कुणी लावला?"

राही, त्याची बायको, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मला काय करायचाय तुमच्या बंदुकीला हात लावून? तांदूळ धुवायचेत माझे."

२

ही बंदूक साऱ्या गावाला ठाऊक झालेली होती. रावजीची आंब्याची बाग नाचण्याच्या वाटेवर. तिथला राखणदार धोंडू. मोहोर ओरबाडणाऱ्या वानरांना हुसकायला रावजीनं त्याच्या हातात ही बंदूक दिली होती. पौषात एके दिवशी दुपारी धोंडू ताणलेली बंदूक मांडीवर घेऊन चिऱ्याच्या गडग्यावर टेकला. समोर त्याची बायको येसूबाई भाकरीचं फडकं सोडत होती. बंदूक सुटली आणि छर्रा तिच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही.

धोंडू एकच सांगत राहिला, की मी चापाला बोट लावलंच नव्हतं. पण आदल्या दिवशी विहिरीवर नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते दहा जणांनी ऐकलं होतं. आणि डोळा गेला त्याच सकाळी बंदूक महिपतकडून दुरुस्त होऊन गेली होती, म्हणून कोर्टानं महिपतला साक्षीला बोलावलं. महिपत पिंजऱ्यात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "दोन शेरांचा भार आल्याशिवाय हा चाप सुटायचा नाही. म्हणजे त्याचं बोट चापावर होतं आणि चांगलं दाबलेलं होतं." धोंडूला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. रावजीनं बंदूक सोडवून आणली आणि हंगामाच्या आधी एकदा तपासून घ्यावी म्हणून महिपतकडे टाकली.

पारडं सोडून महिपत स्क्रू बघत होता, तेवढ्यात दारात सावली पडली. येसूबाई होती. डाव्या डोळ्यावर पदर ओढलेला.

"महिपतदादा, वकील म्हनतो, अपिलाला आठ रोज हायत," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "बंदुकीत खोट व्हती येवढं तुमी लिवून द्या. मंग ते सुटतील."

"माझ्या हातच्या कामात खोट?"

"तुमचं नाव खराब करायला नाय आलंय मी. पन मी समोर बसलं व्हतं. माज्या ह्या डोळ्यानं बघितलंय. त्येंचं बोट चापाला नव्हतं."

"तू त्याची बायको. तू दुसरं काय सांगणार?" महिपतनं पकड बाकावर आपटली. "कोर्टापुढं तोललाय मी चाप. पंचांपुढं तोललाय. चालती हो!"

येसूबाई हलली नाही. रडलीही नाही. रडली असती तर महिपतला बरं वाटलं असतं.

"त्येंचं बोट गार पडलंय," ती म्हणाली.

"काय?"

"उजव्या हाताचं, हे बोट." तिनं स्वतःचं तर्जनीचं बोट पुढे केलं. "तुमी कोर्टात बोललात त्या दिसापास्नं. तुरुंगातला डाक्तर बघून गेला. टाचणी टोचली, रगत आलं, पन ह्येंना कळलं नाय. काल भेटीला गेलं तर म्हनाले, येशे, बोट हितं दिसतंय पन ते हितं नायच. कुटं हाय ते मना ठावं नाय."

"मग मी काय करू? बोट दुरुस्त करू?" महिपत किंचाळला. "नीघ!"

ती गेली. महिपतनं रागारागानं घासलेटाचं फडकं घेतलं आणि चाप पुसायला लागला. चाप अजून कोमट होता. उन्हानं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं, की दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे आणि ऊन तिथं तिसऱ्या प्रहराशिवाय पोचत नाही.

३

आता जे झालं होतं ते सरळ सांगायला हवं, कारण महिपत ते स्वतःशीही सरळ सांगत नव्हता.

पौषातल्या त्या सकाळी थंडी होती. रावजीचा माणूस बंदूक न्यायला दारात येऊन उभा होता आणि मशीनचं तेल संपलेलं होतं. महिपत घरात गेला, राहीची केसांच्या खोबरेलाची बाटली उचलून आणली आणि ताणलेली स्प्रिंग अडवून धरणाऱ्या खटक्यात त्यातलं तेल सोडलं. खोबरेल थंडीत थिजतं हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महिपतला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाई होती, माणूस डोक्यावर उभा होता आणि त्याची चिडचिड झाली होती. थिजलेल्या तेलात खटका चिकटून बसला आणि चापाला तीन शेर लागायला लागले. महिपतनं कारण बघितलं नाही. त्यानं स्क्रू दीड आटा सैल केला, भार दोन शेरांवर आणला आणि बंदूक देऊन टाकली.

दुपारी ऊन चढलं, खोबरेल पातळ झालं आणि चापाला धरून ठेवणारं काही राहिलं नाही. गडग्यावर बसताना बसलेला हिसका पुरला.

येसूबाईची बातमी बाजारात आली तेव्हाच महिपतला ते खोबरेल आठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस तीच बंदूक तपासायला त्याच्याकडे घेऊन आले, कारण दुसरा जाणकार नव्हता. पंच यायला तासभर होता. त्या तासात महिपतनं खटका घासलेटानं स्वच्छ धुतला आणि स्क्रू दीड आटा परत घट्ट केला. पंचांपुढं चाप बरोबर दोन शेरांना सुटला. पंचांनी माना डोलावल्या. धोंडूसारखा राखणदार काही बोलला तरी त्याचं कोण ऐकणार होतं! हे महिपतनं मनात धरलं होतं, आणि त्याचीच चीड यावी अशी ही गोष्ट आहे.

पण आता बंदुकीत खोबरेलाचा थेंब नव्हता. तरी येसूबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाप दीड शेराला सुटला. स्प्रिंग मऊ पडली असेल म्हणून महिपतनं नवी घातली. तिसऱ्या दिवशी सव्वा शेर. खटक्याची कड झिजली असेल म्हणून त्यानं भिंगातून बघितली. कड नव्यासारखी होती. स्क्रू आपोआप फिरत असेल म्हणून त्यानं स्क्रूवर आणि लोखंडावर मिळून सुईनं एक सरळ रेघ ओढली. चौथ्या दिवशी रेघ जिथल्या तिथं होती, केसभरही तुटलेली नव्हती, आणि चाप शेराला सुटला.

"कुणीतरी खोडी करतंय," तो राहीला म्हणाला. "ती बाई कुणाला तरी पाठवतेय."

"कुठून येणार? दाराला तुमचंच कुलूप. ते तुमच्याशिवाय कुणाला उघडत नाही असं तुम्हीच सांगता."

"मग तू असशील!"

राही पाठ फिरवून चुलीकडे गेली. तिच्यावर त्याचा जीव होता. रत्नागिरीत परतला तो तिच्यासाठीच. पण त्या घटकेला त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यानं बंदूक शिसवी पेटीत घातली, पेटीला दोन कुलपं लावली, किल्ल्या कमरेला बांधल्या आणि पेटीवर अंथरूण टाकून झोपला.

पाचव्या दिवशी अर्धा शेर. आणि पेटी उघडताना जो वास आला तो तेलाचा किंवा लोखंडाचा नव्हता. तो माणसाच्या घामेजलेल्या हाताचा होता.

४

सहाव्या दिवशी दुपारी बाजार झोपला होता. महिपतनं दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. फटींतून उजेडाच्या उभ्या रेघा आत येत होत्या. बंदूक ताणून त्यानं खुंट्यांना बांधली आणि चापाला नुसतं रिकामं पारडं टांगलं.

हात काढायच्या आत बंदूक सुटली.

त्यानं पारडं काढलं, दोरा काढला, पुन्हा ताणली. आता चापाला काहीही नव्हतं. तो समोर स्टुलावर बसला आणि बघायला लागला. मागच्या घरातून राहीच्या जात्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग फक्त आढ्यावर उंदीर पळाला तेवढंच.

चाप हलला.

अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा मागे आला. थांबला. थरथरला. परत पुढे गेला. पुन्हा मागे आला. स्प्रिंगचा ताण असेल, महिपतनं स्वतःला समजावलं. ताणलेलं लोखंड कधीकधी बसकण मारतं. पण स्प्रिंगचा ताण एकदा बसला की बसतो. हे मात्र चाललंच होतं, कधी जोरात, कधी दमल्यासारखं.

महिपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं गोदीत राबून शिकलेलं काम, रत्नागिरीभर झालेलं नाव, आणि हे काय आपल्या दुकानात, आपल्या खुंटीवर! तो उठला. "थांब, तुला दाखवतो," म्हणत त्यानं आपलं बोट चापाच्या कडीत खुपसलं.

आत जागा नव्हती.

त्याचं बोट कशाला तरी टेकलं. मऊ, कोमट, पेरांवर खरखरीत. टोकाशी नखाची कड लागली, वेडीवाकडी झिजलेली. डोळ्यांना कडी रिकामी दिसत होती, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. आणि महिपतला एक गोष्ट स्पष्ट कळली, जी त्याला कळायला नको होती. ते बोट चाप दाबत नव्हतं. ते बाहेर निघायला बघत होतं. कडीत अडकलेलं होतं आणि सुटायला धडपडत होतं, आणि त्या धडपडीनं चाप मागेपुढे होत होता.

त्यानं हात झटकन मागे घेतला. बंदूक सुटली. वरून काथ्याचा भुगा पडला, आणि चाप पुन्हा आपला थरथरायला लागला.

५

"काय झालं?" राही दारात उभी होती.

महिपत डोक्यावरचा भुगा झटकत राहिला. पण तिनं त्याचा चेहरा बघितला आणि मग बंदूक बघितली.  चाप तिलाही दिसला असावा, कारण तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"पौषात माझी खोबरेलाची बाटली अर्धी झाली होती," ती म्हणाली. "मी विचारलं तर अंगावर धावून आलात. त्याच दिवशी येसूबाईचा डोळा गेला."

"गप्प बस."

"नाय बसणार. तुम्ही कोर्टात म्हणालात, बोट चापावर होतं. आता आहे चापावर. तुम्हीच ठेवलंत ते तिथं." तिचा आवाज कापत होता, पण रागानं. "उद्या आणि परवा, दोनच दिवस राहिलेत अपिलाला. वकिलाकडे जा आणि खरं सांगा. नाय सांगितलंत तर मी लांज्याला माहेरी जाते, परत यायची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत वकिलाकडे गेला. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं होतं, की सगळं सांगून टाकायचं. वकिलानं त्याला बसायला स्टूल दिलं. कारकून कागद घेऊन, टाक शाईत बुडवून तयार झाला. महिपतला सही तेवढी येत होती, बाकी लिहिणं वाचणं नाही.

"बोला मिस्त्री," वकील म्हणाला. "तुमची चूक झाली होती का?"

वकिलानं साधंच विचारलं होतं. पण कारकुनाच्या ओठांवर महिपतला हसू दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या डोक्यात सणक गेली. ह्या टीचभर कारकुनापुढं आपण चूक कबूल करायची? उद्या बाजारात हाच सांगत सुटेल.

"माझी कसली चूक?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "चाप मी बरोबरच दिला होता. पण खटक्यात खोबरेल घातलेलं होतं. थंडीत ते थिजतं आणि दुपारी वितळतं, मग चाप धरत नाही. तेल त्या येसूबाईनं घातलं. चाप करकरतो म्हणून आपल्या हातानं घातलं, असं ती माझ्याशी बोलली होती."

"हे आधी का सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं?"

टाक कागदावर करकरत चालला. महिपतनं खाली सही केली. वकील खूश झाला, कारण धोंडूला सोडवायला एवढं पुरेसं होतं. धोंडू सुटणार, आपलं नाव राहणार, कुणाचं काय बिघडलं? असं स्वतःला सांगत महिपत घरी आला. त्यानं बंदूक काढली, ताणली, चाप तोलला. दोन शेर. चाप गार होता.

अपिलाच्या दिवशी जज्जानं येसूबाईला विचारलं, की तेल तू घातलंस का. तिनं एका डोळ्यानं धोंडूकडे बघितलं, मग महिपतकडे. डोळ्यावरचा पदर सारखा केला. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय. मीच घातलं."

६

धोंडू चैत्रात सुटला. त्याच्या बोटात पुन्हा जीव आला. रावजी आपली बंदूक घेऊन गेला. बाजारात लोक म्हणाले, मिस्त्री खरा माणूस, आपल्या साक्षीची उणीव आपण होऊन भरून काढली. ते ऐकून महिपत दोन दिवस मिशीत हसत होता.

तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर राहीला कळलं, की नवऱ्यानं नक्की काय लिहून दिलं. तिनं भांडण केलं नाही. ती माहेरीही गेली नाही. तिनं फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं.

वैशाखात उकाड्यानं जीव नकोसा झाला. महिपत एक पितळी कुलूप उघडत होता, तेव्हा ते त्याच्या हातातून निसटलं. कुलूप तेलानं माखलेलं होतं. त्यानं वास घेतला. खोबरेल. त्यानं ते पुसलं. दुसऱ्या सकाळी शिवणयंत्राच्या चाकावर पाच बोटांचे तेलकट ठसे होते, लहान, बाईमाणसाच्या हाताचे. आधी त्याला राहीचा राग आला. मग त्यानं राहीचा हात बघितला. राहीची बोटं लांब होती. ठशांची बोटं आखूड होती आणि करंगळी वाकडी होती.

त्या संध्याकाळी राही बाजारातून आली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"येसूबाई भेटली. तिचा उजवा हात गेलाय. मनगटापर्यंत. भाकरी भाजताना तव्याला लागला, कातडं जळलं, तरी तिला कळलं नाय."

"मग मी काय करू?" महिपत म्हणाला. पण ह्या वेळी त्याचा आवाज चढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातून पाणी प्यायला घरात गेला. माजघरात राही चटईवर कुशीला वळून झोपली होती. खोबरेलाचा वास एवढा होता, की त्याला मळमळलं. त्यानं माठात तांब्या घातला आणि सहज मागे बघितलं.

राहीचे केस हलत होते. वारा नव्हता. एक बट उचलली जाई, सरळ होई, परत खाली बसे. मग शेजारची. बटांमध्ये भांग पडत होता आणि पुन्हा मिटत होता. तेल तिच्या कानावरून गळ्यात ओघळलं होतं, उशी भिजली होती. राही झोपेतच बरं वाटल्यासारखी हुंकारली. केस हलायचे थांबले. मग तिच्या कपाळावर तेलाचा एक ठिपका उमटला, त्याखाली दुसरा, भुवईवर तिसरा. जे काही होतं ते चाचपडत खाली येत होतं, आंधळ्या माणसानं वाट शोधावी तसं. ते तिच्या डाव्या पापणीपाशी थांबलं. पापणी हळूच वर उचलली गेली. राही झोपलेलीच होती आणि तिच्या डोळ्याचं पांढरं दिसत होतं.

"मी घातलं!" महिपत ओरडला. तांब्या खाली पडला. "तेल मी घातलं! येसूबाईनं नाही, मी! स्क्रूही मीच फिरवला, मीच धुतला खटका, सगळं मीच केलं!"

पापणी खाली आली नाही.

त्यानं धावत जाऊन राहीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला उठवून बसवलं. ती जागी झाली, गोंधळली, तिनं केसांना हात लावला आणि तेलकट तळवा बघितला.

"बोट काढा," ती म्हणाली. "डोळा दुखतो."

"राही, माझे हात तुझ्या खांद्यावर आहेत."

तिनं खाली बघितलं. त्याचे दोन्ही हात बघितले. मग ती आपला तळवा डाव्या डोळ्यावर गच्च दाबून भिंतीला सरकली. "दाबतंय," ती म्हणाली. "अहो, दाबतंय हो."

"मी सांगितलं ना खरं! आत्ताच सांगितलं!"

"मला कशाला सांगताय?" राही किंचाळली. "जिथं खोटं लिहून दिलंत तिथं जा!"

महिपत अनवाणी पळाला. रस्त्यातला फुफाटा तापला होता, तळवे भाजत होते. आधी वकिलाचं घर. दाराला कुलूप, त्यानंच दुरुस्त केलेलं. शेजारणीनं ओटीवरून सांगितलं, की वकील कारकुनाला घेऊन सुट्टीसाठी गुहागरला गेले. मग तो कोर्टाकडे धावला. फाटक लावलेलं होतं, आवारात कुणी नव्हतं. आत वडाखाली केरू पहारेकरी पंच्यानं वारा घेत बसला होता.

"जज्जसाहेब?"

"मे म्हैन्याची सुट्टी हाय, मिस्त्री. सायब म्हाबळेश्वराला. आठ जूनला या."

"कुणीच नाही? कारकून, कुणी?"

"कोन नाय. मी येकटा."

महिपतनं फाटकाचे गज धरले. धापेनं त्याला बोलवत नव्हतं, पण तो बोलला. पौषातली थंडी, राहीची बाटली, दीड आटा स्क्रू, घासलेटाचं फडकं, धोंडूवर केलेली साक्ष आणि येसूबाईवर घातलेलं खोटं, सगळं त्यानं गजांमधून सांगितलं. एक शब्द आड ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो न चिडता, न ओरडता सांगत होता. केरूनं सगळं ऐकलं, पंचा खांद्यावर टाकला आणि उठून फाटकापाशी आला. फाटकाच्या खांबावर सुट्टीच्या नोटिशीचा कागद चिकटवलेला होता. महिपतनं तो फाडून घेतला आणि गजांतून केरूपुढे धरला.

"हे लिही, केरू. ह्याच्या पाठीवर लिही. मी सही करतो."

केरूनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि ओशाळून परत दिला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मना लिवता येत नाय."